अर्धं आटवलेलं पाणी

साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात पाण्यावर इतका अविश्वास असलेला माणूस दुसरा सापडायचा नाही. विहिरीचं असो, नळाचं असो, सीलबंद बाटलीतलं असो की काशीहून कुणी भक्तिभावानं आणलेलं असो, पाणी समोर आलं की माझ्या साडभाऊंच्या कपाळावर एक उभी आठी पडते. सराईत चोर दिसल्यावर फौजदाराच्या कपाळावर पडत असेल तशी. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुकुटबनच्या पलीकडं एका लहानशा गावात त्यांची कपाशीची आणि तुरीची शेती आहे, गावात मान आहे, मिशा भरदार आहेत. पण पाण्याशी त्यांचं वागणं कोर्टासारखं. पाणी आधीपासूनच आरोपी असतं आणि आपण निर्दोष आहोत हे त्यानंच सिद्ध करायचं असतं. असा हा माणूस आयुष्यात एकाच गोष्टीवर न गाळता, न उकळता विश्वास ठेवून बसला, ती गोष्ट म्हणजे माझा शब्द. आणि तो शब्द खोटा होता. त्या खोट्या शब्दावर त्यांची लहानगी नात आणि त्यांची अख्खी गल्ली वर्षभर पाणी पित राहिली. मी मुळात कमी बोलणारा माणूस आहे. हे तर आजवर साडभाऊंखेरीज कुणाजवळच बोललो नाही. आमच्या हिलाही ते इथंच वाचून कळेल.

त्यांच्या संशयाचं मूळ आमच्या सासुरवाडीत आहे. राळेगावला त्यांचं लग्न लागलं ते भर उन्हाळ्यात, आणि मांडवातलं पाणी ज्या टाक्यातून येत होतं त्याचं झाकण वऱ्हाडातल्या कुणीतरी बसायला नेलं होतं. नवरदेव ते पाणी पोटभर प्यायले आणि लग्नाची नवलाई संपायच्या आत त्यांना कावीळ झाली. त्यांच्या गावातल्या बायका म्हणायच्या, राळेगावची हळद मोठी पक्की, महिना झाला तरी नवरदेवाची उतरत नाही. तेव्हापासून सासुरवाडीला येताना ते स्वतःच्या पाण्याची कॅन घेऊन येतात. सासूबाई प्रत्येक कार्यात, ऐकणारा नवा असो की जुना, त्याला धरून सांगायच्या, "जावई माह्या घरी येते, माह्या घरी जेवते, माह्या घरी झोपते, पन माह्या घरचं पानी पेत नाही. असा जावई कोनाले हाय काय?" एकदा त्यांनी साडभाऊंच्याच फुलपात्रात घरचं पाणी घालून गुपचूप पुढं केलं. साडभाऊंनी ते नाकाजवळ नेलं, खाली ठेवलं आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "सासूबाई, हे आपलं नाही." सासूबाई त्यानंतर दिवाळीपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

त्यांच्या घरी पाणी पिण्यालायक होईपर्यंत त्याला जे सोसावं लागतं ते पाहून मला पाण्याची दया यायची. भरून आणलेलं पाणी आधी रांजणात. त्यात तुरटीचा खडा उजवीकडून फिरवायचा, आणि फिरवताना कुणी बोलायचं नाही. मग गाळ बसेपर्यंत त्या रांजणाला घरातल्या कुणाचा धक्कासुद्धा लागता कामा नये. एकदा मांजर चाटून गेली तर सगळं पाणी गुरांना गेलं. मग वरचं निवळलेलं पाणी चारपदरी धोतरातून गाळायचं. ते धोतर वेगळं, त्याची दोरी वेगळी, आणि त्यावर दुसरा कपडा वाळत घातला तर ताईची, म्हणजे माझ्या मेहुणीची, खैर नाही. मग ते पितळेच्या गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, ओतून अंगणातल्या चुलीवर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवायच्या आणि उकळत ठेवायचं. उकळी आली की जगातली सगळी माणसं थांबतात. साडभाऊ इथून सुरू होतात. त्यांच्या आजोबांना कुण्या वैद्यानं सांगितलं होतं म्हणे, की पाणी अर्धं आटवलं की औषध होतं. त्यामुळं गंजाच्या आतल्या बाजूला खिळ्यानं एक खूण करून ठेवलेली. पाणी त्या खुणेला टेकेपर्यंत आग काढायची नाही. मग ते माठात, मग तांब्याच्या घागरीत, आणि एवढं झाल्यावर आपल्यासमोर. पण तेव्हाही ते पाणी देऊन निघून जात नाहीत. समोर उभे राहतात. आपण पितो, ते आपल्या गळ्याकडं पाहतात. "कसं वाटलं?" मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, काहीतरी स्तुती अपेक्षित असावी. पण मला स्तुती जमत नाही, म्हणून म्हणालो, "पाण्यासारखंच लागतं." त्यांचा चेहरा एकदम उजळला. "बस्स. तेच पाह्यजे," ते म्हणाले. मला वाटतं, त्याच दिवशी मी त्यांच्या मनात बसलो.

बाहेरगावी ते ज्या कॅनसह जातात ती एसटीत त्यांच्या मांडीवर असते. एका कंडक्टरनं विचारलं, "काका, या लेकराचं हाफ तिकीट काढू काय?" साडभाऊंनी शांतपणे उत्तर दिलं, "काढ. तुह्या गाडीत हेच एक साफ हाय." आर्णीला एका लग्नात थंड पाण्याचे जार आले तेव्हा पंगत सोडून ते जारवाल्या पोराकडं गेले. "हे थंड हाय म्हनून चांगलं हाय, असं तुले कोन सांगतलं?" पोरगा म्हणाला, "काका, लोकं मागतात, मी देतो." "लोकं काय, लोकं तंबाकू बी मागतात." नवऱ्या मुलीचा बाप हात जोडत आला आणि त्यांना पंगतीत घेऊन गेला. तिथं त्यांनी शेजारच्या चार अनोळखी माणसांना आपल्या कॅनमधलं पाणी वाढलं आणि त्यांच्या गळ्यांकडं पाहत राहिले, त्यामुळं त्या चौघांचं जेवण काही नीट झालं नाही. घरी मशीन बसवा असं त्यांची मुलगी पल्लवी कितीदा म्हणाली. भिंतीवर टांगायचं, खालून तोटी. साडभाऊंचं म्हणणं ठरलेलं. "त्या डब्याच्या पोटात काय चाल्लं ते दिसते काय? माह्या गंजात सगळं दिसते." ते मशीन तेव्हा बसलं असतं तर पुढची गोष्ट घडली नसती. पण मशीनला दोष देण्याची सोय मला नाही आणि साडभाऊंनाही द्यायचा नाही.

त्यांच्या त्या भागात जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड जास्त सापडतं. हे तिथं सगळ्यांना माहीत आहे, कारण काही गावांतल्या हापशा लाल रंगवलेल्या आहेत आणि लाल हापशीचं पाणी प्यायचं नसतं. ज्यांनी लहानपणी असं पाणी बरेच दिवस प्यायलं त्यांच्या दातांवर पांढुरके, खडूसारखे डाग पडतात, पुढं ते तपकिरी होतात. फार वर्षं प्यायलं तर हाडांपर्यंत जातं. साडभाऊंनी अंगणात नवीन बोअर घेतली तेव्हा आधी तिचं पाणी तपासायचं ठरवलं. यवतमाळला तपासणी होते आणि मी यवतमाळला असतो, एका शाळेच्या ऑफिसात. त्यांनी पाच लिटरची कॅन भरली. लॅबवाल्यांना लिटरभर पुरतं हे त्यांना पटलं नव्हतं. कॅन त्याच पाण्यानं तीनदा विसळली, बूच लावलं, बुचावर कापड, कापडावर दोरी, आणि नवजात लेकरू द्यावं तशी ती माझ्या हातात दिली. पल्लवी हसून म्हणाली, "बाबा, दुसऱ्या कोनाजवळ देत नाही तुम्ही, काकाजवळच बरं देता." तेव्हा ते म्हणाले, "जो मानूस कमी बोलते तो खोटं बोलत नाही. त्याले तेवढा टाइमच नसते." सगळे हसले. मीही हसलो असेन.

मे महिना होता. यवतमाळात त्या वर्षी नळ कधी यायचा ते कुणालाच सांगता येत नव्हतं. कॅन तीन दिवस स्वयंपाकघराच्या ओट्याखाली राहिली. सोमवारी नेऊ म्हणालो, सोमवारी ऑफिसात निकालाची गडबड. मंगळवारी ऊन. बुधवारी दुपारी मी घरी जेवायला आलो, घरात कुणी नव्हतं, वीज गेलेली होती ती आली, आणि कूलर कोरडा. विदर्भातल्या माणसाला मेमधला कोरडा कूलर म्हणजे काय ते सांगायला नको. पंखा गरम हवा फेकत होता. मी ओट्याखालून ती कॅन काढली, दोरी सोडली, कापड सोडलं, आणि सगळंच्या सगळं पाणी कूलरमध्ये ओतलं. उद्या त्यांच्याकडून दुसरं मागवू, असं काहीतरी मनाशी म्हणालो. मग वाळ्याच्या वासाच्या गार हवेत अर्धा तास झोपलो. इतकी चांगली झोप मला त्या उन्हाळ्यात पुन्हा लागली नाही.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "साडभाऊ, दिलं काय?" मी म्हणालो, "दिलं." हे मी का म्हणालो ते आजही मला नीट सांगता येत नाही. कूलर म्हणालो असतो तर ते चिडले असते, दहा मिनिटं बोलले असते आणि दुसऱ्या दिवशी दुसरी कॅन पाठवली असती. तेवढी दहा मिनिटं मला नको होती. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. "काय निंगालं?" आणि मी म्हणालो, "चांगलं आहे." त्यांनी विचारलं, "फ्लोराइड?" "नाही." त्यांनी कागद मागितला नाही. ज्या माणसानं सीलबंद बाटलीचं सील भिंगातून पाहिलं होतं, त्यानं मला कागदसुद्धा मागितला नाही. नुसतं म्हणाले, "बस्स. तुमच्या तोंडून आलं, झालं."

त्यांच्या घरासमोरच्या वच्छलाबाई आधी गावाच्या टोकाच्या हापशीवरून पाणी आणायच्या. साडभाऊंच्या बोअरचं पाणी यवतमाळहून तपासून आलं हे कळल्यावर त्यांनी आपली घागर इकडं वळवली, त्यांच्यामागून गल्ली वळली. साडभाऊ कुणाला नाही म्हणाले नाहीत. उलट घागर कशी धुवायची, पाणी कसं आटवायचं, हे प्रत्येकीला शिकवून पाठवलं. वच्छलाबाई तोंडाच्या फटकळ. "भाऊ, तुमच्यासारखं पानी करत बसली तं माह्या घरचे उपाशी मरतीन," असं त्यांना तोंडावर म्हणायच्या, आणि घरी जाऊन पाणी आटवायच्या. त्याच वर्षी दिवाळीनंतर पल्लवीला मुकुटबनजवळच्या शाळेत नोकरी लागली आणि ती आपल्या तीन वर्षांच्या मुलीला, स्वराला, घेऊन माहेरी राहायला आली. त्या घरात स्वरासाठी वेगळी घागर आली. तिचं पाणी साडभाऊ स्वतः करायचे आणि खुणेच्याही थोडं खाली जाईपर्यंत आटवायचे. लेकरू आहे म्हणून.

हे सगळं मला दिसत होतं, पण बोअर चांगली असेलच, असं मी मनाला सांगत होतो. पुढच्या पावसाळ्यात माझी दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरांनी मला खुर्चीत आडवं केलं आणि तोंडात यंत्र घालून गप्पा सुरू केल्या. त्यांच्याकडं त्या दिवशी साडभाऊंच्याच भागातलं एक लेकरू येऊन गेलं होतं. डॉक्टर आपल्या तंद्रीत सांगत होते, की डाग दुधाच्या दातांपेक्षा पक्क्या दातांवर जास्त पडतात, कारण पक्के दात हिरडीच्या आत बालपणी घडत असतात आणि त्या वेळी पोटात गेलेलं फ्लोराइड त्यांच्यात मुरतं. "आणि लोकं काय करतात माहीत आहे का? उकळतात. उकळून जंतू मरतात हो, फ्लोराइड कुठं जातं? पाणी वाफ होऊन उडतं, ते तसंच खाली राहतं. जितकं आटवाल तितकं दाट." मला ती खिळ्याची खूण दिसली. तोंडात यंत्र होतं म्हणून मी काही बोललो नाही. पण यंत्र काढल्यावरही बोललो नाही.

त्यानंतर मी दोनदा साडभाऊंकडं गेलो, दोन्हीदा सांगायलाच गेलो होतो. पहिल्यांदा ते तुरटी फिरवत होते, आणि तुरटी फिरवताना बोलायचं नसतं. मी त्या नियमाच्या आड लपलो. दुसऱ्यांदा मी "भाऊ, ती बोअर" एवढं म्हणालो, तर त्यांनीच वाक्य हिसकून घेतलं. गावाच्या टोकाची हापशी नुकतीच तपासून लाल रंगवली होती. तपासणीची माणसं यांच्याही दारात आली होती, यांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. "म्या सांगतलं त्यायले, आमचं यवतमाळहून तपासून आलं हाय, आमच्या साडभाऊनं आनलं. तुमचा टाइम कायले खराब करता, दुसऱ्याचं तपासा." हे सांगताना माझ्या पाठीवर हात होता. स्वरा समोर ओट्यावर बसून तिच्या घागरीतलं पाणी पित होती आणि पाणी संपल्यावर रिकाम्या फुलपात्रात तोंड घालून आवाज काढत होती. मी ताईला म्हणालो, मला बस गाठायची आहे. बसला दीड तास होता. मी स्टँडवर जाऊन बसलो.

शेवटी सांगितलं ते तान्ह्या पोळ्याला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं लेकरं लाकडाचे नंदी सजवून मिरवतात, घरोघरी जाऊन खाऊ गोळा करतात. साडभाऊंच्या दारात मिरवणूक संपायची आणि मग सगळ्या पोरांना ते पाणी द्यायचे, कारण गावभर फिरताना कुण्या घरी काय प्यायली असतील त्याचा काय भरवसा. अंगणात दोन घागरी भरून ठेवलेल्या, चुलीवर तिसरा गंज आटत होता. पोरं नंदींना कुंपणाला टेकवून ओळीत उभी राहिली. स्वरा सर्वांत पुढं, घरची म्हणून. तिच्या नंदीची झूल तिनं स्वतःच्या डोक्यावर घेतली होती आणि ती तोंड भरून हसत होती. साडभाऊंनी तांब्या बुडवला. मी ओट्यावरून उठलो कसा आणि त्यांच्यापर्यंत गेलो कसा, ते आठवत नाही. हळूच म्हणालो, "भाऊ, हे पाणी पोरांना देऊ नका."

"काहून? गरम हाय काय?" त्यांनी बोटांची मागची बाजू तांब्याला लावून पाहिली.

"ते मी तपासून आणलं नव्हतं."

"कोनतं?"

"बोअरचं. त्या उन्हाळ्यातली कॅन. मी लॅबमध्ये गेलोच नाही. फोनवर सांगितलं ते मनानंच."

तांब्या घागरीच्या काठावर तसाच थांबला. मागून पोरं ढकलाढकली करत होती. "मंग ते पानी कोठी गेलं?"

"कूलरमध्ये ओतलं."

"कोन्या कूलरमधे?"

"आमच्या."

"पुरी कॅन?"

"पूर्ण."

मला वाटलं, आता शिवी येईल, आणि ती आली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी विचारलं, "हवा तरी चांगली लागली काय?" त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आपल्या पाण्याचं काय झालं ते. मी म्हणालो, "लागली." मग त्याहून कठीण होतं तेही सांगितलं, की आटवल्यानं फ्लोराइड कमी होत नाही, वाढतं. हे ऐकताना ते चुलीकडं वळले. गंजातलं पाणी खुणेजवळ आलं होतं. त्यांनी खाली वाकून पेटत्या पऱ्हाट्या एकेक बाहेर ओढल्या, धुळीत विझवल्या, आणि हात झटकत उभे राहिले. एवढी वर्षं मी त्यांना पाहतो, गंज खुणेला टेकायच्या आधी त्यांनी आग काढलेली मी पाहिली नव्हती.

"आबाजी, पानी," स्वरा म्हणाली.

गोठ्याजवळ दोन टाकी भरून पाणी होतं, पोळ्याला बैल धुवायला शेतातल्या जुन्या विहिरीवरून आणलेलं. ती विहीर उथळ, काठावर शेवाळ. साडभाऊंनी तिचं पाणी कधी पायावरसुद्धा घेतलं नसतं. पण त्या भागात उथळ विहिरींत फ्लोराइड सहसा कमी असतं, हे त्यांना माहीत होतं, आणि निवड करायची वेळ त्या क्षणी होती. ते टाक्यांपाशी गेले, धोतरातून पाणी गाळून घागर भरली, घरातून ग्रामपंचायतीनं वाटलेली क्लोरीनची बाटली आणून मोजून थेंब टाकले आणि ढवळलं. मग पोरांसमोर उभे राहून म्हणाले, "आता अर्धा तास थांबा." पोरांनी एकच कालवा केला. "आबाजी, आता काय राह्यलं?" "औषध आपलं काम करून राह्यलं. त्याले घाई नोका करू." एक पोरगं म्हणालं, "हे तं बैलाचं पानी होय." "हाव. म्हनूनच देऊन राह्यलो. बैल तुमच्याइतके नखरे करत नाहीत."

तो अर्धा तास माझ्या आयुष्यातला सगळ्यांत लांब अर्धा तास. पोरं खाली बसली, कुणी नंदीची चाकं काढली, कुणी रडलं. वच्छलाबाई कुंपणावरून डोकावून म्हणाल्या, "भाऊ, लेकरायले पानी पाजता का उपास धरवता?" साडभाऊ मनगटावरच्या घड्याळाकडं पाहत उभे होते आणि त्या सबंध वेळात त्यांनी माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. वेळ झाल्यावर त्यांनी पहिला घोट स्वतः घेतला. मग एकेका पोराला दिलं. या वेळी ते गळ्याकडं पाहत नव्हते, तोंडाकडं पाहत होते. पीत असताना ज्याचे दात दिसतील त्याचे दात पाहत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बोअरचं पाणी भरलं. मी म्हणालो, मी नेतो. "नको. तुमी बसा," एवढंच म्हणाले आणि स्वतः गेले. शेतातल्या विहिरीचंही पाणी नेलं. निकाल यायचा होता तसा आला: विहीर चालण्यासारखी, बोअर नाही. त्यांनी स्वतः लाल रंगाचा डबा आणला आणि मिस्तरी न बोलावता बोअरच्या पाइपाला रंग दिला, मग गल्लीतल्या सगळ्यांना अंगणात बोलावलं. मी मुद्दाम त्या दिवशी तिथं होतो. मनाशी ठरवून गेलो होतो, की सगळ्यांसमोर बोलायचं. साडभाऊ म्हणाले, "माह्या भरवश्यावर पेलात तुमी. म्या तपासलंच नव्हतं. माही चूक हाय." वच्छलाबाईंनी कमरेवर हात ठेवला. "म्हंजे भाऊ, तुमचा एवढा तमाशा मंग कायच्या पान्यासाठी होता? माह्या पोट्ट्याले म्या तुमचं ऐकून आटवून आटवून पाजलं." ते ऐकून घेत उभे राहिले. मी उठलो, तोंड उघडलं, तर त्यांनी मागं न पाहता हातानं मला खाली बसवलं. लोक गेल्यावर मी विचारलं, "मला का बोलू दिलं नाही?" ते म्हणाले, "पाव्हन्याले गावासमोर उभं करत नसतात." आणि मी, ज्यानं तेवढ्यावर गप्प बसायला नको होतं, गप्प बसलो. ते वाक्य त्यांनी उपकार म्हणून उच्चारलं की शिक्षा म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. वच्छलाबाईंसाठी म्हणून सांगतो: त्यांची चूक नव्हती. चूक माझी.

आता विहिरीचं पाणी रोज सकाळी ट्रॅक्टरवरून गल्लीत येतं. तुरटी आहे, धोतर आहे, थेंब आहेत; उकळी आली की मात्र गंज लगेच उतरतो. साडभाऊ माझ्याशी पूर्वीसारखेच वागतात. सणाला बोलावतात, ताटात आग्रहानं वाढतात, दाढ कशी आहे विचारतात. फरक असला तर एवढाच, की पूर्वी माझ्या प्रत्येक बोलण्याला ते "हाव" म्हणायचे, आता "पाहू" म्हणतात. मागच्या खेपेला मी म्हणालो, चारची बस आहे. "पाहू," म्हणाले, आणि माझ्यासमोरच डेपोत फोन लावला. बस चारचीच होती. त्यांनी फोन ठेवला आणि थोडे ओशाळले, आणि त्यांच्यापेक्षा जास्त मी. असा माणूस, ज्याला जगात कुठल्याच गोष्टीचा भरवसा वाटत नव्हता, त्याच्याजवळ एकुलता एक भरवसा होता आणि तो मी एका दुपारच्या झोपेसाठी घालवला, हे मला त्या चारच्या बसमध्ये सगळा रस्ता कळत होतं.

स्वरा आता सहा वर्षांची आहे. परवा सकाळी साडभाऊंचा फोन आला. तिचा खालचा समोरचा दात पडला. तो तिनं उंदराच्या बिळात टाकला आणि त्याच्याकडं चांगला नवीन मागितला. आता ते तिला रोज उजेडात अंगणात नेतात, आ करायला लावतात आणि हिरडी पाहतात. "काहीतरी वर येऊन राह्यलं," ते म्हणाले. "बोटाले लागते. टोक दिसते जरासं. पांढरं."

"कसं पांढरं?" मी विचारलं.

फोनमध्ये मागं अंगणात स्वरा कुणाला तरी ओरडून काहीतरी सांगत होती, पडलेल्या दातामुळं बोबडं.

"पुरा येऊ द्या," ते म्हणाले. "मंग पाहू. या तुमी रविवारी."

मी रविवारी जातो आहे.